ग्रेसी तुस्कानो, हजर

ग्रेसी वारली हे उमेळे गावाला कळलं गेल्या वर्षी जुलैत, संध्याकाळी चर्चची घंटा वाजली तेव्हा. शिक्षण खात्याला ते कळलं या फेब्रुवारीत, एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी. दोघांपैकी धक्का जास्त खात्याला बसला, असं तिच्या नवऱ्याचं, फ्रेडरिक तुस्कानोचं, प्रामाणिक मत आहे.

गावाने निदान करायचं ते केलं. बायका रडल्या, शेजाऱ्यांनी पेज आणून दिली, पुरुषांनी पेटीला खांदा दिला आणि महिनाभर कोणी त्याच्या दारासमोर मोठ्याने हसलं नाही. खात्याच्या माणसाने फोनवर आधी नाव पुन्हा विचारलं. मग कागद चाळल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "असं कसं होईल? त्यांची तर निवड झाली आहे."

फ्रेडरिक म्हणाला, "निवड झाली होती हे तिला माहीत नव्हतं."

"माहीत असतं तर थांबल्या असत्या," तिकडून आवाज आला. बोलणाऱ्याला आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण त्याने लगेच फोन ठेवला.

हा आवाज हर्षवर्धन नावाच्या तरुण अधिकाऱ्याचा होता. माणूस वाईट नव्हता. मार्च महिना जवळ आला की सरकारी अधिकाऱ्याचं जे होतं तेच त्याचं झालं होतं. टेलिफोन खात्यात जन्म काढून निवृत्त झालेल्या फ्रेडरिकने असे मार्च पुष्कळ पाहिले होते. एका मार्चमध्ये तर त्याच्या कार्यालयात निधी संपवायचा म्हणून छत्र्या ठेवायची स्टँडं आली होती, माणसांपेक्षा जास्त.

आता ही निवड कसली, ते सांगायला हवं. ग्रेसी गावातल्या सरकारी शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. मास्तरांना दर वर्षी ट्रेनिंग मिळतं हे तिच्या मनात सलायचं. "त्यांना चहा, बिस्किट, पेन, फाइल," ती रात्री भांडी घासता घासता म्हणायची, "आणि दोनशे पोरांच्या पोटात जातं ते शिजवणाऱ्या बाईला कोणी विचारत नाही." म्हणून ती आसपासच्या शाळांतल्या स्वयंपाकाच्या बायका, वॉचमन, शिपाई, सगळ्यांना गाठत फिरली. अर्ज केला, सह्या घेतल्या, माणिकपूरला जाऊन फोटो काढला. फ्रेडरिक तेव्हा म्हणाला होता, "काही होणार नाही." ती म्हणाली, "तुला होणार नाही. मला होणार."

आणि झालं. शाळांच्या कर्मचाऱ्यांना राज्याच्या पैशातून ट्रेनिंग, माणिकपूरच्या एका कम्युनिटी कॉलेजात, शेवटी सर्टिफिकेट. आणि या वेळी सर्टिफिकेट म्हणजे भिंतीला खिळा ठोकायचं निमित्त नव्हतं. शाळांतल्या चुली बंद करून एका मोठ्या स्वयंपाकघरातून गाडीने डबे पाठवायचे, असं वर कुठेतरी ठरत आलं होतं. ज्या शाळेत ट्रेनिंग घेतलेली बाई असेल तिथली चूल तेवढी राहणार होती. अट एकच. वर्गात वीस नावं हवीत. मंजूर नावं वीसच होती, आणि त्यातलं पहिलं नाव ग्रेसीचं होतं.

दुसऱ्या दिवशी फ्रेडरिक मृत्यूचा दाखला खिशात घालून कार्यालयात गेला.

"काका, दाखला आणलात?" हर्षवर्धनने विचारलं.

"आणलाय."

"मग तो दाखवू नका."

फ्रेडरिकचा हात खिशातच राहिला.

"दाखवलात तर मला घ्यावा लागेल," हर्षवर्धन खुर्ची पुढे ओढत हळू आवाजात म्हणाला. "घेतला की नाव कमी. नाव कमी म्हणजे एकोणीस. एकोणीस म्हणजे वर्ग नाही. आणि वर्ग नाही म्हणजे निधी मार्चअखेर परत."

"मग दुसरं नाव घाला."

"त्याला वरून मंजुरी लागते."

"मग घ्या मंजुरी."

"ती जूनमध्ये येते. निधी मार्चमध्ये जातो. या दोघांची गाठ पडल्याचं मी अजून पाहिलेलं नाही." त्याने चष्मा काढून पुसला. "काका, एक सांगू? सरकारी माणूस गेला की वारसाला अनुकंपा तत्त्वावर नोकरी देतात की नाही?"

"देतात."

"मग ट्रेनिंग का देऊ नये? नको असं नियमात कुठेच म्हटलेलं नाही. तुम्ही या. वर्गात बसा. नाव मॅडमचंच राहील."

"पण अनुकंपेला मृत्यूचा दाखला लागतो. तो तर तुम्ही बघायचा नाही म्हणता."

हर्षवर्धनने चष्मा पुन्हा लावला. "ही अनुकंपा तोंडी आहे," तो म्हणाला.

फ्रेडरिक घरी पोचायच्या आत ही बातमी बिल्डिंगमध्ये पोचली होती. समोरच्या दारातला गॉडफ्रे बोटीवरून निवृत्त झालेला माणूस. जगातल्या सगळ्या बंदरांचा अनुभव असल्यामुळे जगातल्या सगळ्या विषयांवर त्याचं मत तयार असे. "फ्रेडी, ऐक माझं," तो म्हणाला. "जाऊ नको. एकदा बायकोच्या नावावर हजर झालास की निवडणुकीची ड्यूटीपण तुलाच. साडी नेसवून उभा करतील."

दुसऱ्या मजल्यावरच्या वसुंधराबाई ग्रेसीच्या मैत्रीण. फ्रेडरिकला त्या भावोजी म्हणायच्या आणि रोज दोन पोळ्या पाठवायच्या. "भावोजी, जा तुम्ही," त्या म्हणाल्या. "भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा बरं. शिवाय स्वयंपाक शिकाल."

"हा शिकणार?" गॉडफ्रे म्हणाला. "याला दुधाकडे लक्ष ठेव सांगितलं तर दूध उतू जाईपर्यंत लक्ष ठेवतो."

हे खरं होतं, म्हणून फ्रेडरिकला जास्त लागलं. तो नाही म्हणून मोकळाच होणार होता, तेवढ्यात व्हेरोनिका आली. व्हेरोनिका पाचूबंदरची, मासे विकणाऱ्या घरातली. ग्रेसीच्या जोडीला शाळेत तीच चुलीवर असायची. ती आत आली नाही, उंबऱ्यातच उभी राहिली.

"दादा, तुमी नाय गेलात तर आमची चूल गेली," ती म्हणाली. "मी सही करीत नव्हते. म्हनलं, आपल्याला कोन विचारतंय. ग्रेसीनं माझा हात धरून सही घेतली. आता तीच नाय म्हनून आमी पन नाय, असं करू नका."

भिंतीवर येशूच्या तसबिरीखाली ग्रेसीचा मोठा फोटो होता, बारीक लाल दिवा लावलेला. फ्रेडरिकने एकदा तिकडे पाहिलं आणि विचारलं, "वर्ग किती वाजता असतो?"

माणिकपूरचं ते कम्युनिटी कॉलेज एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली लग्नाच्या गाऊनचं दुकान. जिन्यावर पाटी होती: शिवणकाम, ब्युटी पार्लर, फ्रिज-एसी दुरुस्ती. शाळेच्या कर्मचाऱ्यांना शिकवायला मास्तर एकच होता, सुमेध सर. तो मुळात फ्रिज-एसीचा. माणूस मेहनती आणि प्रामाणिक. स्वयंपाक, स्वच्छता, प्रथमोपचार आणि संवाद कौशल्य हे चारही विषय तो शिकवायचा, आणि चारही विषयांत फ्रिज यायचा. "कुकर म्हणजे काय?" तो फळ्यावर चित्र काढून म्हणायचा. "कुकर म्हणजे उलटा कॉम्प्रेसर." माणूस बेशुद्ध पडला तर काय करायचं? तर आधी प्लग काढायचा.

पण हे सगळं पुढचं. पहिल्या दिवशी घोडं अडलं ते हजेरीवर.

हजेरी मोबाइलवर होती. ॲपसमोर तोंड धरायचं, ॲप माणूस ओळखणार. व्हेरोनिकाला ओळखलं. आगाशीच्या शाळेचा वॉचमन धर्मा, त्यालाही ओळखलं, मिशी नवीन असून. फ्रेडरिकने तोंड धरलं तर लाल अक्षरं आली: 'आपण ग्रेसी तुस्कानो नाही.'

जन्मात कोणी त्याला इतक्या स्पष्टपणे हे सांगितलं नव्हतं.

"अंकल, जरा मॅडमसारखं बघा ना," सुमेध म्हणाला.

"म्हणजे कसं?"

"इथे लिहिलंय, मान सरळ, चेहऱ्यावर सौम्य भाव."

टेलिफोन खात्याच्या निवृत्त माणसाने भर वर्गात, परक्या लोकांसमोर, बराच वेळ चेहऱ्यावर सौम्य भाव ठेवला. ॲपने दर वेळी तेच उत्तर दिलं. मोबाइलमधला ग्रेसीचा फोटो दाखवून पाहिला. ॲप म्हणालं, 'स्क्रीनवरील छायाचित्र चालणार नाही.' हुशार होतं. सुमेधने तो दिवस 'चाचणी' म्हणून हजेरीतून वगळला.

धर्मा मागच्या बाकावरून म्हणाला, "काका, घरी भितीवर नाय काय फोटो? कागदाचा?"

"आहे. पण तो मोठा आहे. फ्रेममध्ये."

"मग आना की. मोठा असला तर त्याला चांगलं दिसंल."

दुसऱ्या दिवशी फ्रेडरिकने स्टुलावर चढून फोटो उतरवला. गेल्या जुलैपासून तो तिथून हलला नव्हता. लाल दिव्याची वायर फ्रेमला अशी गुंडाळली होती की तोडल्याशिवाय निघेना, आणि ती त्याला तोडवेना. म्हणून वायर आणि प्लगसकट फोटो छातीशी धरून तो बाहेर पडला. शेअर रिक्षात त्याच्या मांडीवर ग्रेसी, ग्रेसीचा प्लग शेजारच्या बाईच्या मांडीवर. बाईने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि स्टेशन येईपर्यंत प्लग हातात नीट धरून बसली.

माणिकपूरच्या नाक्यावर एका मोटरसायकलवाल्याने हेल्मेट काढलं. फुलवाल्याने पैसे न घेता एक हार फ्रेमवर टाकला. नको म्हणणं बरं दिसलं नसतं.

वर्गात सुमेधने ॲप फोटोसमोर धरलं. हिरवा चौकोन आला. आता हे ॲप तिला इतकं पटकन कसं ओळखतं, याचं वर्गाला नवल वाटलं, फ्रेडरिकला वाटलं नाही. ग्रेसी जन्मात एकटी फोटोला बसली ती एकदाच, या अर्जासाठी. बाकी सगळ्या फोटोंत ती कोणाच्या तरी लग्नात, कोणाच्या तरी मागे, अर्धी. त्यामुळे ती गेल्यावर मोठा करायला हा एकच फोटो हाताशी होता. खात्याच्या यंत्रात होता तोच भिंतीवर होता.

मग ॲप म्हणालं, 'कृपया डोळे मिचकवा.'

फोटोने डोळे मिचकवले नाहीत. सुमेधने ट्यूबलाइट बंद-चालू करून पाहिली. व्हेरोनिकाने फुंकर मारून पाहिली, का ते तिलाच माहीत. शेवटी धर्मा उठला, फोटोपाशी गेला, "माफ करा बाई" म्हणाला आणि त्याने आपला पंजा तिच्या डोळ्यांवरून एकदा हळूच खाली-वर नेला.

ॲपमधून एका बाईचा गोड आवाज आला, "धन्यवाद ग्रेसी. आपली उपस्थिती नोंदवली आहे."

फ्रेडरिक फोटो घेऊन बाकावर बसला. त्या तासाला काय शिकवलं ते त्याला आठवत नाही.

अशी रोज वरात सुरू झाली. ग्रेसीची हजेरी लागायची, फ्रेडरिकची कुठेच नाही. आयुष्यभर वेळेवर कामावर गेलेल्या माणसाच्या मनाला हे खुपायचं. त्याने एकदा सुमेधला विचारलंही, "मी आलोय हे कुठे लिहिता का?"

"तुम्ही मॅडमच्या सोबत आहात ना," सुमेध म्हणाला. "सोबतच्या माणसाला रकाना नाही."

आता उमेळ्यात या प्रकाराचा काय अर्थ लावला गेला, ते ऐका. मयताच्या घरून फोटो बाहेर निघतो तो प्रार्थनेसाठीच. कुठे प्रार्थना आहे हे घरच्या माणसाने सांगायचं असतं, पण दुःखातला माणूस विसरतो, आणि त्याला विचारायचं नसतं. आपण आपलं मागून जायचं. गावात रोझरी म्हणणाऱ्या, म्हणजे जपमाळ ओढत येशूच्या आयुष्यातली 'रहस्यं' आळवणाऱ्या, बायकांच्या पुढारी प्रिसिलाबाई. त्यांनी दोन दिवस फ्रेडरिक रोज फोटो घेऊन रिक्षात बसतो हे पाहिलं. तिसऱ्या दिवशी शुक्रवार होता. सुमेध फळ्यावर डाळ शिजताना उष्णता कुठून कुठे जाते ते दाखवत होता, आणि दारात प्रिसिलाबाई उभ्या राहिल्या. हातात मेणबत्ती, डोक्यावर पदर, मागे जिनाभर बायका.

"फ्रेडी, तू सांगितलं नाहीस," त्या म्हणाल्या. "पण आम्ही आलो."

फ्रेडरिकने तोंड उघडलं. काय सांगणार? तोंडी अनुकंपा काय असते, हे एका दमात सांगता येण्यासारखं नव्हतं. तोवर बायका बाकांवर बसल्याही, मेणबत्ती ग्रेसीपुढे लागली, आणि 'नमो मरिये' सुरू झालं. सुमेध सर खडू हातात धरून भिंतीला टेकून उभा राहिला. धर्माने टोपी काढली.

आणि याच वेळी वरून तपासणीचं पथक आलं.

तपासणीचं पथक कधी यावं याला शास्त्र नाही. पण एक सांगतो, त्या दिवशी ते एरवी आलं असतं तर वर्गात जेमतेम बारा माणसं सापडली असती, कारण बाकीच्यांना शाळांनी सोडलंच नव्हतं. पथकाच्या साहेबांनी दारातून पाहिलं तर वर्ग ओसंडून वाहत होता. कोणी मोबाइल बघत नव्हतं, कोणी पेंगत नव्हतं. सगळे एका सुरात काहीतरी पाठ म्हणत होते. साहेबांनी अशी शिस्त नोकरीत प्रथमच पाहिली असावी. हर्षवर्धन त्यांच्या मागे उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र भिंतीच्या चुन्याशी जुळत होता.

साहेबांनी पहिल्या बाकावरच्या प्रिसिलाबाईंना विचारलं, "काय चाललंय आज, ताई?"

"दुःखाची रहस्यं," प्रिसिलाबाई म्हणाल्या. "शुक्रवारी तीच असतात."

साहेबांनी मागे वळून हर्षवर्धनकडे पाहिलं. हर्षवर्धन म्हणाला, "तणाव व्यवस्थापन, सर."

साहेबांनी ते लिहून घेतलं. मग त्यांचं लक्ष हार घातलेल्या फोटोकडे गेलं. "या संस्थापिका का?" त्यांनी विचारलं. कोणी हो म्हणालं नाही आणि कोणी नाही म्हणालं नाही. साहेबांनी बूट काढले, वाकून नमस्कार केला आणि मोज्यांवर चालत निघून गेले. बूट मागून धर्माने खाली नेऊन दिले.

इतकं सुखरूप पार पडल्यावर खरं संकट परीक्षेचं होतं. लेखी परीक्षा नव्हती, समितीसमोर खिचडी करायची होती. फ्रेडरिकने घरी सराव करायचं ठरवलं. अडचण अशी की अभ्यासक्रमात माप एकच दिलेलं, दोनशे मुलांचं. तांदूळ इतके, डाळ इतकी, पाणी इतकं. त्याचा एका माणसापुरता हिशेब कसा करायचा हे पुस्तकात नव्हतं. गॉडफ्रे म्हणाला, "दोनशेने भाग." भागलं, तर मिठाचा एक खडा आला आणि हळद येईचना. शेवटी गॉडफ्रेने चर्चच्या सणाचा टोप मागून आणला. "पूर्ण मापाने कर," तो म्हणाला. "बोटीवर आम्ही असंच करायचो. कमी करायला गेलं की बिघडतं."

बिल्डिंगच्या मागे, जिथे पूर्वी केळीची वाडी होती आणि आता पार्किंग आहे, तिथे विटा मांडून चूल पेटली. वसुंधराबाई गॅलरीतून सांगत होत्या, "भावोजी, आधी हिंग." व्हेरोनिका बजावत होती, "हिंग नाय, पोरं तोंड वाकडं करतात." गॉडफ्रेचं म्हणणं, मूठभर सुकट टाकल्याशिवाय अन्नाला अर्थ नाही. फ्रेडरिकने सगळ्यांचं ऐकलं आणि खिचडी खालून करपली, वरून कच्ची राहिली. मधला थर बिल्डिंगने खाल्ला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मुलं शाळेतून खिचडी खाऊन येऊन दारात पुन्हा खिचडी बघून रडायला लागली. सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली: 'सभासदांनी आवारात सामुदायिक स्वयंपाक करू नये, केल्यास मेनू बदलावा.' फ्रेडरिकचा अपमान झाला. त्याने नोटिशीखाली लिहिलं, 'हे शासकीय काम आहे.'

पुढच्या खेपेला वसुंधराबाईंनी चमचाभर खाल्लं आणि पुन्हा एकदा चव घेतली.

"काय झालं?" फ्रेडरिकने विचारलं.

"मीठ कमी आहे."

"घालतो."

"नको," त्या म्हणाल्या. "ग्रेसीच्या हातचं असंच असायचं. लहान मुलांना बेतानं घालायचं म्हणून तिचा हातच तसा पडला होता. तुमच्या घरीसुद्धा अळणीच असायचं ना?"

असायचं. त्याबद्दल फ्रेडरिक तिला जेवताना रोज बोलायचा, रोज. त्याने मिठाची बरणी बंद केली.

समितीने ग्रेसी तुस्कानोची खिचडी पहिली ठरवली.

सर्टिफिकेटाचा समारंभ मार्चच्या शेवटच्या आठवड्यात झाला, निधी जायच्या तोंडावर. प्रिसिलाबाईंचा सगळा गट आला. त्यांना आता पुढच्या वर्गाला नावं घालायची होती. गॉडफ्रे कोट घालून आला. एक एक नाव पुकारलं जात होतं. व्हेरोनिका गेली, सर्टिफिकेट घेऊन खाली आली आणि ते ओल्या हाताने धरायला नको म्हणून पदराने हात पुसत राहिली. "आता चूल आपलीच," ती म्हणाली, कोणाला असं नाही.

मग माइकवरून आवाज आला, "शंभर टक्के उपस्थिती आणि उत्कृष्ट प्रशिक्षणार्थी, श्रीमती ग्रेसी तुस्कानो."

फ्रेडरिक फोटो घेऊन वर गेला. वायर पायात आली, पण तो पडला नाही. पाहुण्यांनी फोटोकडे पाहिलं, मग फ्रेडरिककडे, मग सर्टिफिकेट पुन्हा फोटोकडे नेलं. फोटो ते कसं घेणार, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. फ्रेडरिकने फ्रेम काखेत धरून हात पुढे केला. सर्टिफिकेट मिळालं. पेन मिळालं. फाइल मिळाली. खाली चहा-बिस्किटही होतं.

"ताईंनी असंच काम करत राहावं," पाहुणे माइकवर म्हणाले. "आणि आनंदाची गोष्ट म्हणजे पुढच्या वर्गाला शिकवण्यासाठी त्यांचीच निवड झाली आहे."

टाळ्या पडल्या. हर्षवर्धन खुर्चीत खाली घसरला.

बाहेर आल्यावर फ्रेडरिकने त्याला गाठलं. "साहेब, एक विचारू? खिचडी मी केली. वर्गात मी बसलो. माझ्या नावाचं काही मिळेल का? साधं, हजर होतो एवढं लिहिलेलं?"

हर्षवर्धनने त्याच्याकडे खरोखर वाईट वाटून पाहिलं. "काका, कागदावर तुम्ही कधी होतात?" तो म्हणाला. "पण आता एक करा. वर्ग झाला, निधी लागला, चुली राहिल्या. आता दाखला आणून द्या. आता चालेल. मी नाव कमी करतो, म्हणजे शिकवायला बोलावणं यायचं नाही."

एप्रिलमध्ये फ्रेडरिक दाखला खिशात घालून कार्यालयात गेला. हर्षवर्धनने हात पुढे केला. "द्या."

फ्रेडरिकने खिसा चाचपला. दाखला तिथेच होता, घडी घातलेला, जरा मऊ झालेला. तेवढ्यात दुसऱ्या खिशातला ग्रेसीचा फोन वाजला. अर्जावर हाच नंबर होता, त्यामुळे आता रोज कोणी ना कोणी ग्रेसीला विचारायचं. त्याने कानाला लावला. तीच गोड आवाजाची बाई म्हणाली, "नमस्कार ग्रेसी. पुढील वर्गासाठी आपली वाट पाहत आहोत."

"काका?" हर्षवर्धन म्हणाला.

"घरी राहिला," फ्रेडरिक म्हणाला.

"बरं, मग पुढच्या सोमवारी."

"हो, सोमवारी."

जुलै येऊन गेला. चर्चमध्ये वर्षश्राद्धाची प्रार्थना, मिस्सा, झाली, सगळे आले होते, फोटोही होता. थडग्यावर दगड बसला. विजेचं बिल आणि गॅस त्याच्या नावावर झाले. फाइल आणि पेन घरातल्या वेदीवर, येशूच्या तसबिरीपुढे, ठेवलं आहे. सर्टिफिकेट फोटोशेजारी लावलं, त्यासाठी वेगळा खिळा ठोकला. रात्री तो एका माणसापुरती खिचडी करतो, मीठ बेताचंच घालतो, आणि सकाळी ती उरलेली असतेच.

खात्यात मृत्यूचा दाखला द्यायचा मात्र अजून राहिला आहे.